एकाच वेळी दोघं आले तर

कर्णिकबाई घाबरट होत्या. त्यांच्याविषयी कृतज्ञतेने काही लिहावं म्हणून बसले आणि पहिलं वाक्य हेच उमटलं. ते मी बदलत नाही, कारण त्यांनाही ते मान्य होतं. “मी भित्री आहे गं, म्हणून तर टिकले,” असं त्या स्वतःच सांगायच्या, आणि सांगतानाही एकदा दाराकडे बघून घ्यायच्या.

लिफ्टला त्या घाबरत. गॅसच्या शेगडीला, कुत्र्यांना, अवेळी वाजणाऱ्या फोनला घाबरत. आणि सगळं सुरळीत चाललेलं असलं की सगळ्यात जास्त घाबरत. पर्समध्ये भर दुपारीही टॉर्च असे. आमच्या ऑफिसचा लाकडी जिना अरुंद होता. वरून कुणी उतरत असेल तर त्या खालीच थांबून राहत, आणि आम्हालाही थांबायला लावत. संध्याकाळी कुलूप लावलं की ते ओढून बघायच्या, अर्धा जिना उतरायच्या, परत वर जाऊन पुन्हा ओढायच्या. आम्ही खाली रस्त्यावर उभे. नितीन म्हणायचा, “चोर दमून जाईल बाई, पण तुम्ही नाही दमणार.”

मी पाचोऱ्याची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. बी.एस्सी. झाल्यावर कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी ठाण्यात नोकरी लागली. नौपाड्यात, डोळ्यांच्या दवाखान्यावर दोन खोल्या, तिथून आमचे मालक देवधर इंटरनेटवर ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या बातम्या देत. कर्णिकबाई तिथल्या मुख्य प्रोग्रामर. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी कॉम्प्युटरवर बारा-पंधरा वर्षं काढली होती. पहिल्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून काम शिकवायला घेतलं आणि माझ्या तोंडून ‘बाई’ निघून गेलं, कारण आमच्याकडे शिकवणारी ती बाईच. तोवर त्या सगळ्यांच्या मॅडम होत्या. देवधरांना ते फार आवडलं, आणि मग त्या सगळ्यांच्याच कर्णिकबाई झाल्या.

मी कोपरला एका कुटुंबात कॉट भाड्याने घेऊन राहत होते. पहिल्याच रविवारी बाई न सांगता वर्तकनगरहून तिथे हजर झाल्या. आल्या आल्या गॅसच्या नळीचा वास घेतला, खिडकीचे गज हलवून पाहिले, आणि घरमालकीण काकूंना विचारलं, “तुम्ही आणि ही एकाच वेळी बाहेर पडलात, आणि दोघींनाही वाटलं की गॅस दुसरीने बंद केलाय, तर?” काकूंना राग आला. पण दुसऱ्या दिवशी नळी बदललेली होती. जाताना बाईंनी माझ्या हातात एक छोटी टॉर्च ठेवली. आईने केलं असतं तेच त्यांनी केलं. फरक एवढाच की इतक्या शंका माझ्या आईला सुचल्या नसत्या.

एकाच वेळी झालं तर? हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता. कुणी काही नवीन सुचवलं की त्या चष्मा काढून तो विचारणार, आणि नितीन माझ्याकडे बघून तोंड फिरवणार. नितीन आमच्याकडचा हुशार मुलगा, डोंबिवलीचा, इंजिनिअर झालेला. त्याला कशाचीच भीती वाटत नसे. बाईंना त्याचीही भीती वाटे.

त्या प्रश्नातूनच बांगडी आली. वाचकांसाठी ऑफिसात वेगळी लाइन होती, पण आमच्या कामाला टेलिफोन एकच. त्यावर मोडेम लावून बाहेरगावच्या बातम्या घ्यायच्या. मध्येच कुणी फोन उचलला की सगळं तुटायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. रोज भांडणं होत. बाईंनी एक लाल प्लॅस्टिकची बांगडी आणून फोनशेजारच्या खिळ्याला अडकवली. बांगडी ज्याच्या हातात, लाइन त्याची. खिळा रिकामा दिसला की फोनला हात लावायचा नाही. गंमत अशी की हातात धरलेली बांगडी लोक कुठेही विसरायचे, म्हणून ती घालायचीच असा नियम झाला. देवधर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “माझ्या ऑफिसात पुरुषांना बांगडी भरावी लागते.” एकदा त्यांचे एक व्यापारी मित्र भेटायला आले तेव्हा देवधर स्वतःच बांगडी घालून फोनवर बसले होते. पण फोनवरची भांडणं थांबली ती थांबलीच.

बातम्यांची साइट ज्यावर चालायची तो प्रोग्राम बाईंनी लिहिलेला होता. आम्ही त्याला पानघर म्हणायचो. वार्ताहर बातमी टाकी, फोटोवाला फोटो टाकी, आणि वाचकाने मागितलं की पानघर ते सगळं एकत्र जुळवून त्याचं पान करून देई. बाईंनी ते असं रचलं होतं की एकाचं पान पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याचं सुरूच होणार नाही. वाचक थोडे होते तोवर ठीक होतं. ते वाढले तशी साइट रखडायला लागली. देवधरांनी उत्साहाने नवा सर्व्हर आणला, दोन प्रोसेसरांचा. आज खिशातल्या मोबाइलमध्ये त्याहून जास्त असतात, पण तेव्हा आम्ही त्याला हार घातला होता.

साइट पूर्वीइतकीच रखडली. नितीनने पडद्यावर दोन्ही प्रोसेसरांचे आलेख लावले. एक कळस गाठून बसलेला, दुसरा जमिनीला टेकलेला.

“पंगतीला वाढपी दोन आणलेत,” देवधर म्हणाले, “पण एक नुसता भिंतीला टेकून उभा आहे. त्याला कामाला लावा, बाई.”

“भाताचं पातेलं एकच आहे,” बाई म्हणाल्या. “दोघांनी एकाच वेळी हात घातला तर?”

नेहमीसारखाच हा प्रश्न हसण्यावारी गेला असता. पण त्या वर्षी देवधरांनी दहावीचा निकाल साइटवर द्यायचं ठरवलं होतं. मुलांनी बैठक क्रमांक टाकायचा आणि आपल्या नावाचं गुणपत्रक पडद्यावर बघायचं. तेव्हा ती मोठी नवलाई होती. निकालाची सीडी त्याच सकाळी मिळणार, आणि सगळी पानं आधी बनवून ठेवायला डिस्कवर जागा नव्हती. म्हणजे मूल क्रमांक टाकेल तेव्हाच त्याचं पान तयार होणार. एकेक करत बसलं तर संध्याकाळपर्यंत रांग संपणार नव्हती.

निकाल हा शब्द ऐकला आणि बाई बसल्याच. त्यानंतर बरेच दिवस त्या डबा उघडत, दोन घास खात आणि झाकण लावून टाकत.

काम नितीनने केलं. पानघर मोकळं करून एका वेळी अनेक पानं बनतील अशी रचना त्याने केली. जी पानं सगळ्यांना सारखीच लागतात ती एकदाच करून तयार ठेवली. दुसरा आलेख जमिनीवरून उठला आणि पहिल्याच्या खांद्याला लागला. साइट पळायला लागली. देवधरांनी कंदी पेढे आणले. बाईंनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “रेखा, हे फार छान चाललंय. मला भीती वाटतेय.”

त्यांनी मागितलं ते एवढंच, की रविवारी एक चाचणी करू द्या. आमच्या गल्लीत एक कॉम्प्युटर क्लास होता, त्याचा मालक देवधरांचा दोस्त. तिथल्या सगळ्या मशीन आम्हाला मिळाल्या. नितीन, मी, क्लासचे दोन सर, तिथली रिसेप्शनिस्ट, देवधरांची पत्नी आणि मेव्हणे, असे जेवढे मिळाले तेवढे बसलो. बाईंनी खोटा निकाल तयार केला होता. खऱ्या माणसांची नावं खोट्या निकालातही नकोत, म्हणून विद्यार्थ्यांना भाज्यांची नावं दिली होती. प्रत्येकाला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक आणि भाजी. बाई मध्ये उभ्या राहिल्या, एका हातात स्टीलची ताटली आणि दुसऱ्यात चमचा. ताटली वाजली की सगळ्यांनी एकाच वेळी बटण दाबायचं आणि आपलीच भाजी आली का ते बघायचं.

ताटली वाजली. सगळ्यांना आपापली भाजी मिळाली. पुन्हा वाजली, पुन्हा मिळाली. भेंडी पहिल्या वर्गात पास, दुधी नापास. हशा सुरू झाला. मेव्हणे म्हणाले की आमच्या कारल्याला गणितात इतके मार्क हे काही खरं नाही. ताटली वाजत राहिली. चहा झाला. नितीन घड्याळ बघू लागला. बाईंचा हात दुखला असावा, कारण त्यांनी चमचा दुसऱ्या हातात घेतला. पण थांबल्या नाहीत.

तेवढ्यात क्लासची रिसेप्शनिस्ट म्हणाली, “मॅडम, माझी गवार होती ना? पडवळ आलंय. नापास.”

सगळे खो खो हसले. देवधरांच्या पत्नी म्हणाल्या, बाजारातही असंच होतं, मागावं एक आणि पिशवीत निघतं भलतंच. हसता हसता मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ताटली त्यांनी पोटाशी धरली होती. एकेकाचं हसू विझत गेलं. 

चूक त्यांनी त्याच दुपारी शोधली. पान तयार होताना ते आधी एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहिलं जाई, आणि त्या फाइलला नाव दिलं जाई घड्याळातल्या त्या सेकंदाचं. एका सेकंदात दोन पानं बनली की दोघांची फाइल एकच, आणि पहिलं वाचून होण्याआधी दुसरं त्यावर लिहिलं गेलं की अदलाबदल. ती ओळ नितीनची नव्हती. ती बाईंचीच होती, पहिल्यापासूनची. जोवर रांगेत एकेकच आत येत होता तोवर एका फाइलवर दोघांचा हात पडतच नव्हता, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नव्हतं. नितीनला त्या एवढंच म्हणाल्या, “तू दार उघडलंस म्हणून मला माझा कचरा दिसला.” दोघांनी मिळून ती ओळ बदलली. प्रत्येक पानाला आता स्वतःची वेगळी फाइल.

देवधरांना वाटलं, संपलं. बाईंना ते सुरू झाल्यासारखं वाटलं. एक चूक सापडली म्हणजे एकच सापडली, असं त्यांचं म्हणणं. आणखी एक तपासणी हवी, त्या म्हणाल्या. पान बाहेर जाण्याआधी मागितलेला क्रमांक आणि पानावरचा क्रमांक ताडून बघायचा. जुळला नाही तर पान अडवायचं आणि मुलाला ‘थोड्या वेळाने पुन्हा पाहा’ असं दाखवायचं.

प्रत्येक पानामागे ते जास्तीचं काम होतं. नितीनने मोजून सांगितलं की वेग चांगलाच उतरेल. देवधर वाईट माणूस नव्हते. तेही घाबरलेलेच होते, वेगळ्या गोष्टीला. ते म्हणाले, “गर्दीत साइट बसली तर पोरं कोऱ्या पानाकडे बघत बसतील. ते चालेल का तुम्हाला?”

“कोरं पान चालेल,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्याचं नको.”

मग त्यांनी आपल्या धाकट्या भावाची गोष्ट सांगितली. तोवर आम्हाला एवढंच माहीत होतं की वसंत नावाचा भाऊ त्यांच्याकडे राहतो, घरी रेडिओ दुरुस्त करतो आणि फारसा कुठे जात नाही. तो मॅट्रिकला होता तेव्हा निकाल वर्तमानपत्रात छापून येत, नुसते क्रमांक. पेपर बाईंनी आणला. वसंत म्हणाला, माझी छाती होत नाही, ताई तूच बघ. त्यांनी बघितलं. खालून वर, वरून खाली. क्रमांक नव्हता. त्यांनी त्याला तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेपरात एका कोपऱ्यात राहून गेलेले क्रमांक आले, त्यात त्याचा होता. पण वसंत आदल्या संध्याकाळीच घरातून निघून गेला होता. वडील खाडीकाठी फिरून आले, कोळीवाड्यात विचारून आले. आई कितीतरी दिवस मेल्यासारखी पडून होती. शेवटी तो इगतपुरीच्या एका हॉटेलात कपबश्या विसळताना सापडला. पास झालायस म्हणून सांगितलं, तर कुणाच्या तोंडाकडे बघेना. पुढे पुस्तक म्हणून हातात धरलं नाही.

“पेपरवाल्यांचा एक क्रमांक राहिला,” बाई म्हणाल्या. “त्यांना तो कोण ते माहीतही नसेल.”

देवधर बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. मग म्हणाले, “घाला तपासणी.”

निकालाच्या दिवशी बाई सकाळपासून पडद्यासमोर होत्या. त्यांनी कोपऱ्यात एक आकडा लावून ठेवला होता, अडवलेल्या पानांचा. गर्दी इतकी झाली की सर्व्हरच्या खोलीतला एसी कमी पडून आम्ही टेबलफॅन नेऊन ठेवला. दोन्ही आलेख कळसाला टेकले होते. साइट दमत होती, रडत होती, पण चालत होती. फोन सारखा वाजत होता, आणि बांगडी कुणाच्या हातात आहे हे कुणालाच कळत नव्हतं. कोपऱ्यातला आकडा शून्य होता. दुपारी देवधर म्हणाले, “बघा बाई, उगाच घाबरलात.” बाईंनी मान हलवली.

चार वाजून गेले असतील. आकडा एक झाला.

नितीन उठून बाईंच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. कुठेतरी, एका मुलासाठी, दुसऱ्याच कुणाचं तरी गुणपत्रक निघालं होतं आणि दारातच अडलं होतं. का निघालं ते आम्हाला त्या दिवशीही कळलं नाही आणि पुढेही कधी सापडलं नाही. बाईंनी अडलेल्या मुलाचा क्रमांक काढला, स्वतः त्याचं पान पाहिलं. पास होतं ते मूल.

मला वाटलं, आता त्यांना बरं वाटेल. पण त्यांनी फक्त तो एक क्रमांक दिसेल अशी खिडकी पडद्यावर उघडली आणि तिच्याकडे बघत बसल्या. त्या मुलाने पुन्हा पाहिलं, तर तिथे एक ओळ उमटणार होती. ओळ उमटत नव्हती.

“‘पुन्हा पाहा’ असं कशाला लिहिलं मी,” त्या मला हळूच म्हणाल्या. “त्याला काय वाटलं असेल? आपलंच पान का नाही, असं वाटलं असेल.”

मी म्हटलं, सायबर कॅफेत आलं असेल, वेळ संपली असेल, उद्या शाळेत कळेलच. त्या म्हणाल्या, “उद्या.” आणि मला माझीच लाज वाटली.

गर्दी ओसरली. देवधर पेढे वाटून घरी गेले, नितीनही गेला. बाई उठेनात, म्हणून मीही बसले. खालच्या दवाखान्यातले शेवटचे पेशंट बोलत बोलत बाहेर पडत होते. तेव्हा जिन्यावर पावलं वाजली आणि दारात एक उंच, वाकलेला माणूस उभा राहिला. पांढरा शर्ट, बगलेत छत्री. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण हेच वसंतराव हे कळायला वेळ लागला नाही. बाईंना उशीर झाला म्हणून ते वर्तकनगरहून एकटे आले होते.

बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. “एक मूल राहिलंय,” त्या म्हणाल्या.

वसंतरावांनी पडद्याकडे बघितलं. कसलं मूल, काय राहिलंय, काही विचारलं नाही. स्टूल ओढलं आणि बहिणीच्या शेजारी बसले. “बसू मग,” म्हणाले.

आम्ही तिघं बसलो. मला तहान लागली होती आणि पाणी प्यायला उठायचं धाडस होत नव्हतं, जणू मी उठले की काहीतरी बिघडेल. त्या एका दिवसात मी बाईंसारखी झाले होते. रिकाम्या खिडकीत एक रेघ लुकलुकत होती, बाकी काही नाही.

मग ओळ उमटली. तोच क्रमांक. आणि पान अडलं नाही, पुरतं बाहेर गेलं.

बाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. थोड्या वेळाने म्हणाल्या, “पाहिलं.”

“कुणी?” वसंतरावांनी विचारलं. “त्याने स्वतः, की घरच्यांनी बघून सांगितलं?”

बाईंचे हात खाली आले. मला तिथून निघून जावंसं वाटलं. “ते नाही रे कळत इथे, वसंता,” त्या म्हणाल्या.

वसंतराव पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी छत्री उचलली, उठले आणि बाईंची पर्स त्यांच्या हातात दिली. “पास आहे ना? मग कुणी का सांगेना. चल ताई, भात गार होतोय.”

पुढच्या वर्षी मी पुण्याला नोकरीला गेले. बाईंशी त्यानंतरही पत्रं झाली, भेटी झाल्या, नितीनच्या लग्नात आम्ही एका टेबलाला जेवलो. पण त्या आठवतात त्या मात्र त्या संध्याकाळच्या. मी दिवे मालवले, कुलूप लावलं आणि त्यांच्यापुढे खाली उतरून रस्त्यावर उभी राहिले. बाईंनी कुलूप ओढून पाहिलं आणि त्या अर्ध्या जिन्यापर्यंत आल्या. तिथे थबकल्या. परत वर गेल्या, पुन्हा ओढलं. त्यांच्यामागून वसंतरावही वर गेले, आणि त्यांनीही एकदा ओढून पाहिलं. मग बाईंनी पर्समधून टॉर्च काढली, उजेड होता तरी लावली, आणि ज्या जिन्यावर त्यांनी आम्हाला कधी एका वेळी दोघांना पाऊल ठेवू दिलं नव्हतं, त्या जिन्याने ती दोघं भावंडं एकमेकांना चिकटून, भिंतींना खांदे घासत, सावकाश खाली आली.